पिंपाचे झाकण

छपाईच्या बाईंनी तुटलेला दांडा माझ्या टेबलावर ठेवला, तेव्हा त्यांनी आवाज होऊ दिला नाही. त्यांनी तो आपटला असता तर मला बरे वाटले असते. आपटणाऱ्या माणसाशी भांडता येते. जो माणूस वस्तू हळूच ठेवतो त्याच्याशी काय भांडणार?

छपाईच्या बाई म्हणजे पुस्तके छापणाऱ्या नव्हेत. त्यांचे यंत्र अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची बारीक भुकटी पातळ थराने पसरते, लेसरच्या किरणाने हवी तेवढीच वितळवते, त्यावर पुन्हा थर पसरते, आणि असे थरावर थर चढत जाऊन अखेरीस एक अखंड वस्तू तयार होते. ती भुकटी आम्ही पुरवतो. आम्ही म्हणजे मी आणि माझे थोरले बंधू, ज्यांना घरात काय आणि बाजारात काय, सर्वजण दादाच म्हणतात. भट्टी माझ्याकडे, बोलणे-चालणे दादांकडे, अशी आमच्यातील वाटणी आहे.

“आत बघा,” बाई म्हणाल्या.

मी पाहिले. तुटलेल्या तोंडावर बारीक बारीक छिद्रे होती, जणू कोणी पावाचा तुकडा मोडून ठेवला आहे.

“तुमच्या भुकटीचा हा नमुना ताण तपासायला ओढायच्या मशीनवर लावला आणि धड ताण येण्याआधीच तुटला. मागच्या ड्रमचंही असंच झालं होतं. तेव्हा बोलले नाही. म्हटलं, आमचंच काही चुकलं असेल.”

मी त्यांना यंत्राविषयी दोन गोष्टी विचारणार होतो. परंतु माझे तोंड उघडण्यापूर्वीच शेजारी बसलेल्या दादांनी चष्मा कपाळावर चढवला आणि ते हसत हसत म्हणाले, “भंगारातून दुसरं काय निघणार, बाई? मी ह्याला पहिल्यापासून सांगतोय.”

हे वाक्य मी आजही विसरलेलो नाही, आणि ते विसरण्याचा माझा विचारही नाही.

कारण भंगार हा शब्द इतर कोणीही वापरावा, दादांनी वापरू नये. वडिलांच्या वेळी आमच्याकडे दारे-खिडक्यांच्या मुठी ओतण्याचा कारखाना होता. जमिनीवर सांडलेला थेंबसुद्धा थंड झाल्यावर उचलून मुशीत परत टाकायचा, हा तेथील नियम, आणि तो नियम दादांइतका कडकपणे दुसऱ्या कोणी पाळला नाही. पुढे भुकटी करण्याचे ठरले तेव्हा शुद्ध लगडी विकत घेऊन ती करणे आमच्या आवाक्याबाहेरचे होते. त्या वेळी दादाच म्हणाले होते, “कोपऱ्यावरचा लेथवाला वर्षभर एकच मिश्रधातू कातत बसतो. त्याचा कीस तो पोत्यांनी विकून टाकतो. तो आपण का घेऊ नये?” कल्पना त्यांची. तो कीस गरम पाण्याने धुऊन त्यावरील तेल काढणे, वाळवणे, वितळवणे, रसातून वायूचे बुडबुडे सोडून तो निर्मळ करणे, सिलिकॉन आणि मॅग्नेशियम कमी पडल्यास भरून काढणे, हे सर्व माझे. महाग आर्गॉनच्या ऐवजी नायट्रोजनच्या झोताने रसाची धार फोडावी, तिचे थेंब उंच मनोऱ्यातून पडता पडता गोल कण व्हावेत, आणि चाळणीवर उरलेले जाड कण पुन्हा मुशीत जावेत, हेही माझे. यात भंगार कोठे आहे? आम्ही दोघांनी मिळून जी वस्तू उभी केली, तिला परक्या माणसासमोर एका शब्दात उकिरड्यावर टाकून दादा मोकळे झाले, आणि वर चहा मागवला.

बाई चहा पीत असतानाच दादांनी दुसरी गोष्ट काढली. दूरच्या एका मोठ्या कंपनीची तयार भुकटी पुरवणारा एक व्यापारी त्यांना भेटला होता. ती भुकटी आणायची, लहान डब्यांत भरायची आणि आमच्या नावाने विकायची. भट्टी नको, मनोरा नको, कीस धुणे नको.

“आणि मी काय करायचं?” मी विचारले.

“डबे भर ना. बसून काम. वयाला शोभेल.”

“महाग पडेल ती,” बाई म्हणाल्या. “मग मी तुमच्याकडून कशाला घेऊ? त्यांच्याकडूनच घेईन.”

दादांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला. बाई मात्र माझ्याकडे वळल्या.

“भट्टीवाले, एक करा. मनोऱ्याखाली माल निघाला की तिथल्या तिथे एक छोटा डबा भरा, सील करा आणि थेट माझ्याकडे आणा. ऑफिसात नेऊ नका, कुठे ठेवू नका.”

मी तसे केले. डबा मांडीवर घेऊन मी रिक्षातून गेलो, आणि रिक्षावाल्याने “पेढे आहेत का?” असे विचारले तेव्हा मी त्याच्याकडे असे पाहिले की त्याने उरलेल्या वाटेवर पुन्हा आरशात पाहिले नाही. काही दिवसांनी बाईंचा फोन आला. त्या डब्यातील भुकटीचा दांडा अखंड, भरीव आणि ताणाला पुरून उरणारा निघाला होता.

“तुमच्या भट्टीत दोष नाही,” त्या म्हणाल्या. “मनोऱ्यापासून माझ्या दारापर्यंत मधे कुठेतरी बिघडतंय. शोधा. एक पूर्ण ड्रम मी आणखी घेईन. तो चांगला निघाला तर कायम तुमच्याकडूनच. नाहीतर माझा इलाज नाही.”

मी हे दादांना सांगितले. माझी अपेक्षा होती की निदान ‘बरं झालं’ एवढे तरी ते म्हणतील. ते म्हणाले, “एखादा दांडा नशिबाने चांगला निघतो.” आणि त्याच दुपारी त्यांनी भंगारवाल्याला निरोप पाठवला, की येऊन मनोरा एकदा बघून जा.

आता वाचकांस कळेल की माझे काय पणाला लागले होते. तो मनोरा मी स्वतः उभा केला आहे. त्याचा प्रत्येक जोड मी वेल्डिंगने जोडला आहे. तो तोडून पोत्यात भरला जाणार आणि मी डब्यांना चिकटपट्ट्या लावत बसणार, हे एका पिंपावर ठरणार होते.

मी शोध आरंभला. कोठाराचे छप्पर पाहिले; गळत नव्हते. टेम्पोवाल्याला विचारले, तो म्हणाला, “साहेब, मी तर झाकणावर बसूनसुद्धा जात नाही.” पिंपांची रबरी कडी तपासली, ती शाबूत होती. माझा संताप प्रत्येक वस्तूवरून फिरून परत माझ्याजवळच येत होता, कारण दोष सापडत नव्हता. आणि जो दोष सापडत नाही तो आपलाच असावा, असे मनुष्याला वाटू लागते.

तो सापडला बैठकीच्या खोलीत.

भरलेली पिंपे दादा स्वतःच्या खुर्चीमागे ओळीने मांडून ठेवत. आलेल्या गिऱ्हाइकाला माल दिसला पाहिजे, असा त्यांचा आग्रह. मी त्या खोलीत सहसा जात नाही, कारण माझ्या कपड्यांना भट्टीचा वास असतो आणि दादांना तो पाहुण्यांसमोर आवडत नाही. त्या दिवशी मी किल्ली मागायला म्हणून गेलो. बाहेर आभाळ दाटलेले होते, खिडकी उघडी होती, भिंतीला हात लावला तर ओला होत होता. टेबलावर चहाची किटली वाफाळत होती. पंखे बनवणाऱ्या कारखान्यातील दोन गृहस्थ बसले होते, आणि दादांनी एका पिंपाचे झाकण काढून ठेवले होते.

“घाला हात, घाला,” दादा म्हणत होते. “चावत नाही.”

त्यातील जाड्या गृहस्थाने मनगटापर्यंत हात घातला. “अहो, ही तर पाण्यासारखी आहे.”

“पाण्यानं हात ओला होतो. हिनं होत नाही. ही बघा गंमत.” दादांनी ओंजळ भरून वर धरली आणि बोटांच्या फटींतून धार सोडली. राखाडी धार खरोखर सुंदर दिसत होती. दुसऱ्या गृहस्थाने थोडी तळहातावर घेतली, नाकाजवळ नेली, बोटाने चोळली, आणि “छान आहे” असे म्हणून पिंपात परत झटकली. मग दादांनी टेबलावर सांडलेले कण कागदाच्या कडेने गोळा केले, आणि मोठ्या काळजीने, एकही कण वाया जाऊ न देता, तेही पिंपात परत सोडले.

भुकटीने हात ओला होत नव्हता. हाताने भुकटी ओली होत होती.

पाहुणे जाईपर्यंत मी दाराशी उभा राहिलो. त्यांच्या चपला पायरीवरून उतरल्याचे ऐकू आले, तेव्हा मी दार लावले.

“किती वेळा उघडतोस तू हे?”

“कुणी आलं की.”

“रोज कुणी ना कुणी येतं.”

“म्हणून तर धंदा चालतो. तू भट्टीपाशी बसतोस, तुला काय माहीत? गिऱ्हाईक आधी डोळ्यांनी घेतं, मग हातानं, आणि मग कुठे खिशात हात घालतं.”

“आणि हाताळलेला सगळा माल परत आत?”

“मग काय रस्त्यावर ओतू? कण न् कण मोलाचा, असं तूच म्हणतोस ना?”

“दादा, हवेत ओल असते. हाताला घाम असतो. तो ह्या कणांना चिकटतो. यंत्रात ते वितळले की त्याच ओलीचा वायू होतो आणि आत बुडबुडे राहतात. बाईंचा दांडा माझ्या भट्टीनं नाही मोडला. तुझ्या हातानं मोडला.”

हे वाक्य मी मुद्दाम तसे बोललो. परक्या माणसासमोर त्यांनी माझ्या कामाला भंगार म्हटले होते. निदान बंद दाराआड मला एवढा अधिकार होता. परंतु दादांनी आपले दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असे काही आले की मी एक पाऊल मागे सरलो.

“माझ्या हातानं?”

वडील गेले तेव्हा मी पाटी-दप्तर सांभाळण्याच्या वयाचा होतो. दादांनी शाळा सोडली आणि मुशीचा चिमटा हातात घेतला. त्यांच्या उजव्या अंगठ्यावर रस उडाल्याची खूण आहे, ती त्याच वर्षीची. मी घामाविषयी बोललो होतो. त्यांना वेगळेच काहीतरी ऐकू आले.

“ह्याच हातांनी तुला जेवायला घातलंय, धाकट्या.”

“जेवायला घातलंस म्हणून माझ्या ड्रममध्ये हात घालायचा हक्क मिळत नाही तुला.”

“माझा ड्रम, तुझा ड्रम, हे कधीपासून?”

“तू त्याला भंगार म्हणालास ना, तेव्हापासून.”

इतक्यात वहिनी आतून आल्या. त्यांच्या हातात पिळलेली चादर होती आणि ती त्यांनी खाली ठेवली नाही.

“तुमचा तमाशा रस्त्यापर्यंत फुकट ऐकू जातोय. निदान तिकीट तरी लावा.”

“वहिनी, तुम्हीच सांगा ह्याला. दमट हवेत डबा उघडा टाकला तर काय होतं?”

“अहो,” वहिनी दादांना म्हणाल्या, “बिस्किटाचा डबा मुलांनी उघडा ठेवला तर तुम्ही घर डोक्यावर घेता. भावोजी वेगळं काय सांगतायत?”

“बिस्किटाचा डबा आणि धंदा ह्यात फरक आहे.”

“आहे ना. बिस्किटं मऊ पडली तर आपणच खातो. ही भुकटी त्या बाई खाणार आहेत का?”

दादा खिडकीकडे तोंड करून बसले. तसेच बसून ते म्हणाले, “बरं. ह्या वेळच्या ड्रमला हात लावणार नाही. शब्द दिला.”

मी त्या शब्दावर विश्वास ठेवला. दादा खोटे बोलत नाहीत. त्यांचे वैगुण्य निराळे आहे.

मी नवा कीस आणला आणि तो पूर्वीपेक्षा अधिक वेळ धुतला. मूस तापवली. रसाच्या पृष्ठभागावरील मळी काढताना माझ्या मनात दादांना बोलायच्या गोष्टी एकामागून एक येत होत्या, आणि प्रत्येक गोष्टीबरोबर मी झारा थोडा अधिक जोराने झटकत होतो. परंतु धार सोडण्याची वेळ आली तेव्हा मी मन स्थिर केले, कारण रागावलेल्या हाताने धार तुटते. मनोऱ्यातून झोताचा तो सणसणीत आवाज आला. भुकटी चाळली, नायट्रोजनखालीच पिंपात भरली, ओल शोषणारी पिशवी आत ठेवली, झाकण बसवले, वरून कडे आवळले, आणि कड्याला तार गुंफून शिशाची मोहोर लावली. बाई माल नेण्यास येणार त्या सकाळीच मी ते पिंप बैठकीच्या खोलीत नेऊन ठेवले, कारण टेम्पो पुढच्याच दाराला लागतो.

त्याच सकाळी भंगारवालाही उगवला. मी अंगणात गेलो तेव्हा तो मनोऱ्यावर बोटांच्या गाठींनी टकटक करीत होता, जसे कोणी दुसऱ्याच्या घराचे दार वाजवावे.

“पत्रा बरा आहे,” तो म्हणाला.

“पत्रा नाही, स्टेनलेस आहे. आणि विकायचा नाही.”

“तुमचे दादा तर म्हणाले, कापायचं कधी ते सांगतो.”

“मग दादांनाच काप.”

तो हसला. मी हसलो नाही. पुढच्या दाराशी गाडी थांबल्याचा आवाज आला, म्हणून मी त्याला तेथेच सोडून आत गेलो.

आत बाई उभ्या होत्या. दादांच्या हातात पक्कड होती. तार तुटून खाली पडली होती आणि कडे सैल झाले होते. दादांचा चेहरा उजळला होता, जसा तो नेहमी कोणी आले की उजळतो.

“बाई, ह्या वेळी नुसती बघाच,” ते म्हणत होते. “धाकट्यानं जीव ओतलाय.”

आणि झाकण निघाले, आणि त्यांचा हात आत गेला.

त्यांनी शब्द मोडण्याचे ठरवले नव्हते, हे मी शपथेवर सांगतो. माझे कौतुकच करायला ते निघाले होते. म्हणूनच माझा संताप अनावर झाला. मी धावत जाऊन त्यांचे मनगट धरले. त्यांची मूठ भुकटीने भरलेली होती आणि ती पिंपाच्या तोंडावर आली होती.

“आत सोडू नकोस.”

“अरे, हात सोड.”

“आत सोडू नकोस, दादा. बाहेर टाक.”

“वाया जाईल.”

“जाऊ दे.”

मी जन्मात प्रथमच थोरल्या भावाचे मनगट असे धरले होते. ते माझ्या अपेक्षेपेक्षा बारीक होते. ते सोडवून घेण्यासाठी त्यांनी जोर केला, मीही केला, आणि आम्ही दोघे पिंपाभोवती असे उभे राहिलो, की पाहणाऱ्याला वाटावे चोर पकडला आहे.

बाईंनी हातातील पिशवी खाली ठेवली.

“दादा, तुम्ही हे नेहमी करता?”

“नेहमी नाही. कुणी आलं की.”

“माझा आधीचा ड्रमही उघडला होता?”

“माल दाखवायला नको?”

“आणि दाखवलेला परत आतच?”

“मग काय फेकून देऊ?” दादा म्हणाले. ते वाक्य अर्धे उच्चारून झाले तोच त्यांचा आवाज उतरला, कारण बाई माझ्याकडे पाहत नव्हत्या, आपल्या मोटारीकडे पाहत नव्हत्या. त्या केवळ त्या बंद मुठीकडे पाहत होत्या.

“लहान डब्याचा दांडा भरीव निघाला आणि ड्रमचे पोकळ, ते का, हे मला कळत नव्हतं,” त्या शांतपणे म्हणाल्या. “हा ड्रम मी नेत नाही. दुसरा भरा. मी स्वतः येईन आणि मनोऱ्याखालूनच उचलेन. पण तुम्ही आधी एक ठरवा. मी यायचं तेव्हा मनोरा इथे असणार आहे का?”

मी मनगट सोडले. दादांनी मूठ उघडली नाही. पिंपातही नाही आणि बाहेरही नाही. ते तशीच बंद मूठ घेऊन स्वयंपाकघरातून मागच्या दाराने अंगणात गेले. आम्ही त्यांच्यामागे गेलो, आणि वहिनीही हातातले काम टाकून आल्या.

भंगारवाला टेप घेऊन मनोऱ्याची उंची मोजत होता.

“मनोरा विकायचा नाही,” दादा म्हणाले.

“मग बोलावलंत कशाला?”

“चहा प्यायला.”

“आणि मुठीत काय, इसार?”

“चहा पी आणि जा.”

भंगारवाला वहिनींकडे वळून म्हणाला, “साखर जास्त घाला, वहिनी. आज तोंड कडू झालंय.” दादा तोवर भट्टीच्या छपरीत शिरले होते. धुतलेल्या किसाच्या पेटीवर त्यांनी हात धरला.

“मुठीतल्या भुकटीचा रस होत नाही, दादा,” मी म्हणालो. “जाड कणांचा होतो. बारीक भुकटीची नुसती मळी होते. तुला माहीत आहे.”

“माहीत आहे.”

मग ते पेटी सोडून मळीच्या घमेल्याकडे गेले, तेथे त्यांनी मूठ उघडली आणि तळहात दोनदा झटकला. थोडी भुकटी अंगठ्यावरच्या खुणेत अडकून राहिली. ती त्यांनी सदऱ्याला पुसली.

पुढचे पिंप बाई मनोऱ्याखालून घेऊन गेल्या. त्याचा दांडा भरीव निघाला, आणि तेव्हापासून त्या दुसरीकडून भुकटी घेत नाहीत. तयार मालाचा तो व्यापारी दादांना अधूनमधून फोन करतो. दादा त्याला माझ्या तब्येतीचे कारण सांगतात, जी उत्तम आहे. भट्टी चालू आहे. परंतु माझा राग गेला, असे जर कोणी समजत असेल, तर ती समजूत चुकीची आहे. मनोरा विकायचा नाही, हे दादा भंगारवाल्याला म्हणाले. मला काही म्हणाले नाहीत. आणि भंगार हा शब्द ते ज्या बाईंसमोर बोलले, त्याच बाईंसमोर त्यांनी तो अद्याप मागे घेतलेला नाही. मी वाट पाहत आहे.

दादांसाठी मी काचेची एक बाटली भुकटीने भरून तिचे तोंड कायमचे बंद करून दिली आहे. पाहुणे आले की ते ती उलटी-सुलटी करतात आणि आत धार पडते. “हाताला लागल्याशिवाय पटत नाही लोकांना,” असे ते माझ्याकडे पाहत म्हणतात, आणि मी ऐकले नाही असे दाखवतो. पिंपांच्या कड्यांना मी आता तारेऐवजी बोल्ट बसवले आहेत. ते पान्याशिवाय उघडत नाहीत, आणि पाना माझ्या कमरेला असतो.

कालच कोणी दूरचे गिऱ्हाईक आले होते. दादा स्वतः छपरीपर्यंत आले. भट्टीच्या उष्णतेने त्यांचा चष्मा धुरकटला होता आणि तो त्यांनी पुसला नाही.

“धाकट्या, पाना दे जरा. एकच मिनिट. नुसतं झाकण उचलतो, हात घालत नाही.”

“नाही,” मी म्हणालो.